माटेराझी सुटला नव्हता

बडोद्यात सुरसागरच्या काठावर आमचा ग्रुप बसला की फुटबॉलचा विषय २००६ च्या वर्ल्ड कप फायनलवर येतोच, आणि दरवेळी कोणीतरी म्हणतं की फ्रान्सच्या झिदानला रेड कार्ड मिळालं पण त्याला डिवचणारा इटलीचा माटेराझी साफ सुटला, मग फुटबॉलमध्ये न्याय कुठे आहे.

अरे पण असं झालंच नाही! ९ जुलैला बर्लिनमध्ये ११० व्या मिनिटाला झिदानने माटेराझीच्या छातीवर डोकं मारलं, मॅचमध्ये रेड कार्ड झिदानलाच मिळालं हे खरं, पण नंतर फिफाने (जागतिक फुटबॉल संघटनेने) दोघांनाही बोलावून चौकशी केली आणि माटेराझीला २ मॅचची बंदी आणि ५००० स्विस फ्रँक दंड लावला. सप्टेंबरमध्ये इटली-फ्रान्स पुन्हा भिडले तेव्हा तो त्यामुळेच बाहेर होता. झिदानला ३ मॅच आणि ७५०० फ्रँक, पण तो रिटायर झालेला, म्हणून मुलांसाठी ३ दिवस समाजसेवा.

आणि माटेराझीने दिलेली शिवी वांशिक होती असं जे पसरवतात, तेही चुकीचं, शब्द अपमानकारक होते पण वांशिक नव्हते असं दोघांनीही फिफाला सांगितलं. झिदानच्या बहिणीवरून बोलणं घाणेरडंच, मला अजून चीड येते त्याची, पण म्हणून शिक्षाच झाली नाही असं सांगत फिरायचं का?