ट्रॉम्बे, तारापूर, नतान्झ : बॉम्बच्या वाटेवरच्या देशाला अडवायचं कसं?

इराणवर हल्ला झाल्याची बातमी आली की खेड, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या घरांतून पहिले फोन जातात ते दुबईला, नाहीतर कुवेतला. १९९० साली सद्दामने कुवेत गिळलं तेव्हा विमानांच्या फेऱ्यांवर फेऱ्या करून एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना परत आणावं लागलं होतं, आणि त्यात कोकणातली माणसंही होती. त्यामुळे इथे आधी विचारपूस होते ती विमानं चालू आहेत का याची. मग गप्पांचा फड बसतो. एक म्हणतो, 'एकदाचं उडवून टाका, कटकट मिटेल.' दुसरा म्हणतो, 'अमेरिकेकडे आहे, इस्रायलकडे आहे, मग यांनीच काय घोडं मारलंय?'

दोन्ही उत्तरं जुनी आहेत. बॉम्बच्या मागे लागलेल्या देशाला आवरायचे जे उपाय जगाने शोधले, त्यातला पहिला मोठा उपाय तर आपल्याच किनाऱ्यावर घडलेल्या गोष्टीमुळे निघाला.

ट्रॉम्बेला कॅनडाने दिलेली सायरस ही ४० मेगावॅटची संशोधन अणुभट्टी १९६० साली सुरू झाली. तिला लागणारं जड पाणी अमेरिकेचं. दोघांनीही दिलं ते शांततेच्या कामासाठी. त्याच भट्टीतल्या प्लुटोनियमवर १८ मे १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला. दिल्लीने त्याला शांततामय म्हटलं, ओटावाला ते पटलं नाही आणि कॅनडाने हात आखडता घेतला. पुढे अणुसामग्री विकणारे देश लंडनला जमले आणि कुणाला काय विकायचं नाही याचे नियम ठरवू लागले. आज ज्याला अणुपुरवठादार देशांचा गट म्हणतात, तो असा आपल्यामुळे जन्मला. 'धोकादायक देश' या खुर्चीत तेव्हा आपण बसलो होतो, हे इराणबद्दल तावातावाने बोलताना सहसा कुणाला आठवत नाही.

त्याचा दणका बसला तारापूरला. बोईसरला उतरून समुद्राकडे गेलं की लागणारं हे केंद्र अमेरिकी कंपनीने बांधून दिलेलं. १९६३ चा करार होता तीस वर्षांचा, इंधन म्हणजे समृद्ध युरेनियम (ज्यात फुटणाऱ्या यू-२३५ चा टक्का मुद्दाम वाढवलेला असतो) अमेरिकेनेच पुरवायचं. केंद्र १९६९ साली सुरू झालं. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला : ज्या देशाच्या सगळ्या अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी नाही, त्याला इंधन नाही. तारापूरच्या त्या दोन भट्ट्यांवर अशी तपासणी पहिल्यापासून होती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक येऊन इंधनाचा हिशेब तपासत. पण बाकीची केंद्रं उघडी करायला भारत तयार नव्हता. झालं, पुरवठा आटला. १९८२ मध्ये फ्रान्सशी बोलणी जमली, पुढे चीनकडून आणि नंतर रशियाकडून इंधन आलं. वापरलेलं इंधन मात्र तिथेच साठत राहिलं, कारण त्यावर पुढची प्रक्रिया करायला अमेरिकेची संमती हवी होती.

या कोंडीचा उपयोग किती झाला? वेळ गेला, पैसा गेला, तारापूरकरांची धावपळ झाली. बॉम्ब मात्र थांबला नाही. १९९८ च्या मे महिन्यात पुन्हा स्फोट झालेच. त्याच तारापूरला ५४० मेगावॅटच्या दोन देशी भट्ट्या २००५-०६ मध्ये उभ्या राहिल्या. (त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरणची गावं उठली, तो हिशेब कुठल्याच आंतरराष्ट्रीय अहवालात नसतो.) नाकेबंदी इच्छा मारत नाही, वेग कमी करते, असं माझं मत हा इतिहास वाचून झालं आहे.

दुसरा उपाय बॉम्बफेकीचा. ७ जून १९८१ ला इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळची ओसिराक भट्टी काही मिनिटांत उद्ध्वस्त केली. सुरक्षा परिषदेने निषेध केला, पण कौतुकही खूप झालं. पुढचा भाग कमी सांगितला जातो. सद्दामने उघड्यावरचं काम गुपचूप सुरू केलं, जास्त माणसं आणि जास्त पैसा लावून. ते किती पुढे गेलं होतं हे १९९१ च्या युद्धानंतर निरीक्षक आत शिरले तेव्हा कळलं, आणि मोडून काढलं तेही या निरीक्षकांनीच. २००३ मध्ये अमेरिका पुन्हा सैन्य घेऊन शिरली तेव्हा तिथे बॉम्बचा कार्यक्रम उरलाच नव्हता.

ओसिराकनंतर आपल्याकडेही पाकिस्तानातल्या कहुट्याची कुजबुज सुरू झाली. पाकिस्तानी शास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांनी नेदरलँड्समधून आणलेल्या आराखड्यांवर पाकिस्तान तिथे युरेनियम समृद्ध करत होता. भारत हल्ला करणार, अशा बातम्या ऐंशीच्या दशकात वारंवार आल्या. पण कहुट्यावर विमानं गेली तर उलटी विमानं येणार कुठे? ट्रॉम्बे आणि तारापूर, दोन्ही ऐन किनाऱ्यावर, आणि मधे मुंबई. इस्रायलला ओसिराकच्या वेळी ही भीती नव्हती, आपल्याला होती.

यातून जे निघालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणं काम वाटतं. डिसेंबर १९८५ मध्ये राजीव गांधी आणि पाकिस्तानचे अध्यक्ष झिया यांच्यात एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचं तोंडी ठरलं. ३१ डिसेंबर १९८८ ला सह्या झाल्या, १९९१ च्या जानेवारीत करार लागू झाला. दर १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या केंद्रांची यादी अक्षांश-रेखांशांसह एकमेकांना देतात. १९९२ पासूनचा हा शिरस्ता कारगिलमध्ये मोडला नाही, संसदेवरच्या हल्ल्यानंतर मोडला नाही, पुलवामानंतरही नाही. पाकिस्तानचा बॉम्ब यामुळे थांबला नाही, हे खरंच. तारापूरच्या आसपास राहणाऱ्यांच्या डोक्यावरचं एक ओझं मात्र उतरलं.

खान यांचा माल पुढे इराण, लिबिया आणि उत्तर कोरियापर्यंत पोचला. लिबियाने २००३ मध्ये सगळं देऊन टाकलं. २०११ मध्ये तिथला सत्ताधीश गडाफी मारला गेला. उत्तर कोरिया अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडला, २००६ मध्ये त्याने स्फोट केला आणि त्याच्या वाटेला आज कुणी जात नाही. तेहरानने यातून काय बोध घेतला असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

युरेनियम समृद्ध करायचं इराणचं नतान्झ केंद्र २००२ मध्ये उघडकीला आलं. २००५ च्या सप्टेंबरात अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणच्या विरोधात मत दिलं. अमेरिकेशी अणुकराराची बोलणी तेव्हा चालू होती, आणि हे मत त्याची किंमत आहे, असा आरोप डाव्यांनी केला. २००८ मध्ये पुरवठादार गटाने भारताला सूट दिली, म्हणजे १९७४ चं कुलूप उघडलं. त्याच दारातून माडबनला जैतापूरचा ९,९०० मेगावॅटचा फ्रेंच प्रकल्प आला. २०११ च्या एप्रिलमध्ये साखरी नाट्याला आंदोलकांवर गोळीबार होऊन एक जण गेला, त्यामागे ही एवढी लांबची साखळी होती.

अमेरिकेसह बड्या देशांनी इराणशी केलेला २०१५ चा करार मोजमापाचा होता. युरेनियम ३.६७ टक्क्यांपर्यंतच समृद्ध करायचं, साठा ३०० किलोच्या वर नाही, आणि निरीक्षक कायम आत. तीन वर्षं तो पाळला जात असल्याचे अहवाल येत राहिले. मे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी अमेरिकेला बाहेर काढलं, निर्बंध परत लावले. २०१९ मध्ये भारतालाही इराणी तेल बंद करावं लागलं. २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांवर पोचला. बॉम्बला लागतं साधारण ९० टक्के, आणि कठीण चढण ६० च्या आधीच संपलेली असते.

जून २०२५ मध्ये आधी इस्रायलने आणि मग अमेरिकेने नतान्झ, फोर्डो, इस्फहान या इराणी अणुकेंद्रांवर हल्ले केले. त्या आधी निरीक्षकांच्या हिशेबात इराणकडे ६० टक्क्यांचं ४४० किलो युरेनियम होतं. हल्ल्यांनंतर इराणने संस्थेशी सहकार्य थांबवलं. इमारती पडल्या याची उपग्रहचित्रं सगळ्यांनी पाहिली. ते ४४० किलो कुठे आहे, हे मोजायला आत कुणी उरलं नाही.