२०३-के गृहकर्ज : ‘लिमिटेड’ घ्यावे की ‘स्टँडर्ड’?

अमेरिकेत जुने, डागडुजीला आलेले घर विकत घ्यायचे म्हटले की नेहमीच्या गृहकर्जाची अडचण लगेच समोर येते. घर आज राहण्यायोग्य नसेल तर कर्ज देणारी संस्था ते तारण म्हणून स्वीकारायला कचरते, आणि स्वीकारले तरी दुरुस्तीचा खर्च त्या कर्जात धरलेला नसतो. ही कोंडी फोडण्यासाठी तिथल्या केंद्र सरकारच्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनची, म्हणजे एफएचएची, २०३-के ही योजना आहे. तिच्यात खरेदीची रक्कम आणि दुरुस्तीची रक्कम एकाच कर्जात, एकाच व्याजदराने मिळते. या योजनेचे लिमिटेड आणि स्टँडर्ड असे दोन प्रकार असून, छोटे कर्ज ते लिमिटेड आणि मोठे ते स्टँडर्ड अशी त्यांची सर्रास विभागणी केली जाते. ती अपुरी आहे.

दोन्ही प्रकारांना समान असलेल्या गोष्टी आधी पाहू. १९३४ साली स्थापन झालेली एफएचए स्वतः कर्ज देत नाही. कर्ज बँक किंवा गृहकर्ज कंपनी देते आणि एफएचए त्याचा विमा उतरवते. कर्जदाराने हप्ते थकवले तर नुकसानभरपाई कर्ज देणाऱ्याला मिळते, कर्जदाराला नव्हे. विम्याचे पैसे मात्र कर्जदारच भरतो. कर्जाच्या १.७५ टक्के रक्कम सुरुवातीला आणि त्यानंतर वार्षिक विमा शुल्क असा तो भार असतो. त्याच्या बदल्यात क्रेडिट स्कोअर किमान ५८० असेल तर केवळ ३.५ टक्के रक्कम स्वतःच्या खिशातून घालावी लागते. घर बांधून किमान एक वर्ष झालेले असावे, त्यात जास्तीत जास्त चार बिऱ्हाडे असावीत आणि कर्जदाराने स्वतः तिथे राहावे, या अटीही दोन्हीकडे आहेत. मराठी वाचकांपैकी अनेकांना लागू पडणारी आणखी एक अट आहे. २५ मे २०२५ पासून नव्या प्रकरणांमध्ये एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना एफएचएचे विमाकृत कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्डधारकांची पात्रता कायम आहे. जुन्या माहितीवर विसंबून घर पाहायला निघण्यापूर्वी हे तपासलेले बरे.

आता फरकाकडे वळू. लिमिटेड प्रकारात दुरुस्तीच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे. ती ३५,००० डॉलर होती आणि नोव्हेंबर २०२४ पासून ७५,००० डॉलर झाली. स्टँडर्डला अशी स्वतंत्र कमाल मर्यादा नाही. तिथे एकूण कर्ज त्या त्या काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी, ठरलेल्या एफएचए मर्यादेत आणि दुरुस्तीनंतरच्या अपेक्षित किमतीशी जोडलेल्या हिशेबात बसावे लागते. मात्र स्टँडर्डची किमान मर्यादा केवळ ५,००० डॉलर आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणजे पाच हजारांपासून पंचाहत्तर हजारांपर्यंतच्या कामासाठी दोन्ही दारे उघडी आहेत आणि तिथे रकमेवरून निवड करताच येत नाही. निवड होते ती कामाच्या स्वरूपावरून.

लिमिटेडमध्ये घराच्या सांगाड्याला हात लावता येत नाही. छप्पर बदलणे, नळकाम आणि वायरिंग नव्याने करणे, हीटिंगची यंत्रणा, खिडक्या, फरशी, रंगकाम, स्वयंपाकघराचे नूतनीकरण ही कामे चालतात. भार पेलणारी भिंत हलवणे, खोली वाढवणे, पाया दुरुस्त करणे किंवा वास्तुविशारदाचे तपशीलवार आराखडे लागतील असे कोणतेही काम चालत नाही. ती सारी स्टँडर्डची कामे. तिथे तर मूळ पायाचा काही भाग शाबूत ठेवून संपूर्ण घर पाडून पुन्हा बांधण्याचीही मुभा आहे. नवा जलतरण तलाव मात्र दोन्हीकडे वर्ज्य.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. घराची किंमत ३,००,००० डॉलर, दुरुस्ती ६०,००० डॉलर, एकूण ३,६०,०००. राखीव रक्कम आणि इतर शुल्के बाजूला ठेवली तर ३.५ टक्क्यांनी स्वतःचे १२,६०० डॉलर, कर्ज ३,४७,४०० डॉलर आणि सुरुवातीचा विमा सुमारे ६,०८० डॉलर होतो. हे साठ हजार छप्पर, खिडक्या आणि स्वयंपाकघरावर जाणार असतील तर लिमिटेड पुरेसे आहे. दुरुस्ती फक्त वीस हजारांची, पण ती तडा गेलेल्या पायाची असेल, तर रक्कम तिपटीने कमी असूनही स्टँडर्डच घ्यावे लागेल.

स्टँडर्डचा व्याप मोठा आहे. सरकारी यादीतला सल्लागार नेमणे तिथे सक्तीचे असते. तो घर पाहून कामांची यादी आणि खर्चाचा अंदाज तयार करतो, आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर पाहणी करून पैसे सोडण्याची शिफारस करतो. दुरुस्तीचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे काम होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या वेगळ्या खात्यात राहतात, कामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी सुटतात आणि प्रत्येक हप्त्यातले दहा टक्के शेवटपर्यंत रोखून ठेवले जातात. घर तीस वर्षांहून जुने असेल तर अनपेक्षित खर्चासाठी दुरुस्तीच्या किमान दहा टक्के रक्कम वेगळी ठेवावी लागते. घर राहण्यायोग्य नसेल तितक्या काळातले काही मासिक हप्ते कर्जातच धरता येतात, ही सोय लिमिटेडमध्ये नाही, कारण तिथे कर्जदार काम चालू असतानाही घरात राहू शकेल असे गृहीत धरलेले आहे. कामाची मुदत स्टँडर्डला बारा महिने, लिमिटेडला नऊ.

सल्लागाराच्या शुल्काचा बाऊ करून लिमिटेडकडे वळण्याकडे अनेकांचा कल असतो. माझ्या मते जुन्या घराच्या बाबतीत ही काटकसर महाग पडू शकते. लिमिटेडमध्ये सल्लागार ऐच्छिक असल्यामुळे कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकावरच सारी भिस्त राहते, आणि भिंतीचा गिलावा काढल्यावर आत कुजलेले खांब निघाले तर ते काम लिमिटेडच्या पैशातून करता येत नाही. कर्ज एव्हाना पक्के झालेले असते आणि पदरचे पैसे घालण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही. म्हणून घर पन्नास-साठ वर्षांचे असेल, तर कर्जाचा अर्ज भरण्याआधी खरेदीपूर्व तपासणी करून घ्यावी, तपासनीसाला पाया, तुळया आणि वाळवी यांविषयी स्पष्ट लेखी मत मागावे, आणि त्यात थोडीही शंका दिसली तर रक्कम कितीही लहान असो, स्टँडर्डसाठीच अर्ज करावा.