क्वांटम चुकांची दुरुस्ती: स्थिर कोडपासून चालत्या कोडपर्यंत

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. व्हीएनआयटी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेच्या आसपास चहा पिता पिता पोरं ज्या सुपरकंडक्टिंग क्वांटम चिपवर वाद घालतात, ती मात्र निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एक-दोन शतांश अंश वर ठेवावी लागते. एवढं गारठवूनही क्युबिट, म्हणजे ० आणि १ यांचं मिश्रणही धरू शकणारा क्वांटम बिट, चुकतोच. साध्या बिटच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येतं. पण अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय. त्यावर १९९५ मध्ये गणितज्ञ पीटर शोर यांनी तोड काढली: एका क्युबिटची माहिती नऊ क्युबिटांत गुंफायची. अशा गुंफणीलाच कोड म्हणतात.

पुढे भौतिकशास्त्रज्ञ अलेक्सी किताएव यांचा टोरिक कोड आला आणि त्यातून क्युबिटांची सपाट चौकोनी जाळी वापरणारा सरफेस कोड निघाला. चार-चार शेजारी क्युबिटांची पॅरिटी (सम की विषम) तपासायची, चूक कुठे झाली ते ताडायचं, आणि पुन्हा त्याच तपासण्या. कोड म्हणजे एकदा आखला की न हलणारा आराखडा, हेच बहुतेकांच्या डोक्यात पक्कं होतं.

२०२१ मध्ये संशोधक मॅथ्यू हेस्टिंग्ज आणि जेओंगवान हाह यांनी त्यालाच हात घातला. षट्कोनांची जाळी घ्या, प्रत्येक कोपऱ्यावर एक क्युबिट. कडा तीन रंगांच्या. एका फेरीत लाल कडांवरच्या जोड्या मोजायच्या, मग हिरव्या, मग निळ्या, की पुन्हा लाल. एका मापनात दोनच क्युबिट. लागोपाठच्या दोन फेऱ्यांतल्या सहा कडांची उत्तरं जुळवली की एका षट्कोनाची तपासणी होते. गंमत म्हणजे, याच तपासण्या जुन्या स्थिर चौकटीत बसवल्या तर कामाचे तार्किक (अनेक क्युबिटांत मिळून जपलेले) क्युबिट उरतात शून्य! क्रमाने मोजलं तर मात्र माहिती टिकते, कारण दर फेरीला ती नव्या रूपात सरकते. पालखीचे खांदेकरी बदलतात, पालखी खाली टेकत नाही, तसं. सरफेस कोडनंतरचं खरं वळण माझ्या मते हेच.

२०२४ च्या अखेरीस गूगलच्या संशोधकांनी सरफेस कोडचीच चालती (तपासण्या बदलत जाणारी) रूपं चिपवर चालवून दाखवली. त्यातल्या षट्कोनी रूपात क्युबिटला शेजाऱ्यांशी चाराऐवजी तीनच जोड पुरतात. चिप बनवणाऱ्याला हा केवढा दिलासा!

आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं (२०२३, ६,००३ कोटी रुपये) उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १,००० भौतिक (प्रत्यक्ष चिपवरच्या) क्युबिटांच्या संगणकांचं आहे. सात बाय सातच्या सरफेस कोडमध्ये एका तार्किक क्युबिटला माहितीचे ४९ आणि तपासणीचे ४८, असे ९७ लागतात. म्हणजे हजार भौतिक क्युबिटांत जेमतेम दहा तार्किक.