निवृत्त खेळाडूंचे करार, बास्केटबॉलमधील

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या व्यावसायिक लीगमध्ये निवृत्त झालेल्या किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या खेळाडूचा करार, केवळ त्यातील वेतनाच्या आकड्यासाठी, खेळाडूंच्या अदलाबदलीत वापरण्याची पद्धत.

तिचे मूळ १९८४-८५ च्या हंगामापासून लागू झालेल्या वेतनमर्यादेत (सॅलरी कॅप) आहे. ही मर्यादा ओलांडलेल्या संघाला बाहेरचा खेळाडू घेताना जवळपास तितक्याच वेतनाचे खेळाडू द्यावे लागतात. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २००५ च्या सामूहिक करारानुसार येणारे वेतन जाणाऱ्या वेतनाच्या १२५ टक्के अधिक एक लाख डॉलर इतके असू शकत होते. त्यामुळे मोठ्या वेतनाचा खेळाडू हवा असूनही आपले उपयुक्त खेळाडू सोडायचे नसतील, तर भरीला घालण्यासाठी कोणाचे तरी वेतन लागे.

या पद्धतीचे दोन प्रकार आहेत. ते पुष्कळदा एकत्र सांगितले जातात, पण त्यांची नियमांतील बैठक वेगळी असल्याने त्यांचा विचार स्वतंत्रपणे करणे अधिक योग्य ठरते.

पहिल्या प्रकारात खेळाडू खेळापासून दूर गेलेला असतो, परंतु मर्यादेबाहेर जाऊनही त्याच्याशी पुन्हा करार करण्याचा संघाचा हक्क (लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा ‘बर्ड हक्क’) संघाने सोडलेला नसतो. त्याच्याशी नवा करार करून तो लगेच दुसऱ्या संघाकडे पाठवला जातो. या ‘साइन अँड ट्रेड’ करारासाठी किमान तीन वर्षांची मुदत आवश्यक होती, मात्र पहिल्याच वर्षाच्या वेतनाची हमी पुरेशी असे. या प्रकाराचा आरंभ सामान्यतः डॅलस मॅव्हेरिक्सचा माजी खेळाडू कीथ व्हॅन हॉर्न याच्यापासून मानला जातो. कालक्रमाने पाहता १ फेब्रुवारी २००८ चा पाऊ गॅसोलचा व्यवहार त्याच्या आधीचा आहे. त्यात मेम्फिसकडून गॅसोलला घेताना लॉस एंजेलिस लेकर्सने, त्या वेळी फिलाडेल्फिया संघात प्रशिक्षणाच्या कामात असलेल्या आपला माजी खेळाडू एरन मकी याच्याशी करार करून त्याला मेम्फिसकडे दिले. मात्र मकीचे वेतन किरकोळ असल्याने पद्धतीचे पूर्ण रूप व्हॅन हॉर्नच्याच व्यवहारात दिसते, असे म्हणणे सयुक्तिक वाटते.

डॅलस मॅव्हेरिक्सला न्यू जर्सी नेट्सकडून जेसन किड हवा होता. पहिल्या जुळणीतील डेव्हियन जॉर्जने आपला नकाराधिकार वापरून ती मोडली. जेरी स्टॅकहाउसने न्यू जर्सीतून मोकळा होऊन डॅलसला परतण्याची गोष्ट उघड बोलून दाखवल्याने त्याचे नावही मागे पडले. अखेरीस २००६ च्या अंतिम मालिकेनंतर एकही सामना न खेळलेल्या व्हॅन हॉर्नशी, चालू हंगामासाठी सुमारे ४३ लाख डॉलर देणारा करार झाला आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी व्यवहार पूर्ण झाला. न्यू जर्सीकडून तो एकदाही मैदानात उतरला नाही.

दुसऱ्या प्रकारात करार चालू असतो आणि खेळाडू निवृत्तीची इच्छा व्यक्त करतो. निवृत्तीची कागदपत्रे त्याने लांबणीवर टाकली, तर संघ त्याचा करार अदलाबदलीत देऊ शकतो. नंतर त्याने उरलेल्या वेतनावर पाणी सोडून निवृत्ती घेतली की तो घेणाऱ्या संघाचा वेतनभार उतरतो. २०१० मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचा रशीद वॉलेस याचे उदाहरण ठरला. जुलै २००९ मधील तीन वर्षांच्या कराराची दोन वर्षे बाकी असताना, अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यातील पराभवानंतर त्याच्या निवृत्तीची चर्चा सुरू झाली. तथापि अदलाबदल जुळली नाही आणि ऑगस्टमध्ये संघाने त्याला करारमुक्त केले. येथे सारी भिस्त खेळाडूच्या स्वेच्छेवर असते. हक्काचे वेतन सोडण्यास त्याला कोणी भाग पाडू शकत नाही, हा या प्रकारातील मोठा अडसर होय. वॉलेस स्वतः २०१२ मध्ये न्यूयॉर्क निक्सकडून पुन्हा खेळला.

२०११ च्या सामूहिक कराराने पहिला प्रकार जवळजवळ बंद केला. खेळाडूने आधीचा हंगाम त्याच संघात संपवलेला असावा आणि करार नियमित हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हावा, अशा अटी तेव्हापासून आहेत. वेतनाची भर घालण्याची गरज मात्र उरली आहे. २०२४ मध्ये कार्ल-अँथनी टाउन्सला मिळवताना न्यूयॉर्कने ‘साइन अँड ट्रेड’च्याच मार्गाने तीन खेळाडू शार्लटकडे पाठवले. ते निवृत्त नव्हते आणि आधीच्या हंगामाअखेर न्यूयॉर्ककडेच होते.