काळे आधी की कासार?

काणे, कामत, काळे, कासार ही चार आडनावं एखाद्या संगणक प्रणालीला अकारविल्हे लावायला सांगा. भाषेचा विचार न करता लावली, तर ती वरच्याच क्रमाने येतील, कारण युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर बसवलेला आहे. मराठी वर्णमालेत मात्र ळ येतो ह च्या नंतर. म्हणजे काळ्यांनी कासारांच्या मागे जायला हवं. क्षीरसागरांचं तर विचारूच नका: मराठीत त्यांची जागा यादीच्या शेपटीला, पण तक्त्याच्या हिशेबाने ते थेट क च्या घरात शिरतात.

यादी मराठी आहे हे प्रणालीला कळतं ते 'एमआर-आयएन' अशा छोट्याशा लोकेल कोडमधून. पहिला तुकडा भाषेचा, दुसरा देशाचा. भाषेची अक्षरं आयएसओ ६३९ या मानकातून येतात, देशाची आयएसओ ३१६६ मधून. दोन्ही याद्या स्वतंत्र असल्याने गमती होतात. देशांच्या यादीतलं एमआर म्हणजे मॉरिटानिया. आणि आयएन हा १९८९पर्यंत इंडोनेशियन भाषेचा कोड होता! तो बदलून आयडी केला, तरी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा जुन्यालाच चिकटून राहिली. २०२१च्या सतराव्या आवृत्तीत तिने नवा कोड घेतला. एकदा लाखो फायलींत गेलेला कोड उपटून काढणं सोपं नसतं.

कोडाचा परिणाम अक्षराच्या वळणावरही होतो. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणं. हिंदीत दोन्ही वेगळी काढतात. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांना ल एकच. त्यामुळे वेबपानावर भाषा 'एमआर' लिहिली असेल आणि फॉन्टमध्ये तशी सोय असेल, तर आपला ल उमटतो. 'एचआय' लिहून मोकळं झालं, की तोच मजकूर हिंदी वळणात दिसतो. मराठी संकेतस्थळं बनवणाऱ्यांचा हा आळस मला अक्षम्य वाटतो; बदलायची असतात फक्त दोन अक्षरं.

देशाच्या तुकड्याची कामं वेगळी. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने फोन 'एमआर-यूएस'वर ठेवला, तर तापमान फॅरनहाइटमध्ये यायला हवं, कारण ती सवय देशाची. पण मोठी रक्कम १२,३४,५६७ अशीच, लाखाच्या स्वल्पविरामासह आणि देवनागरी आकड्यांत, कारण ती भाषेची. 'एमआर-यूएस'साठी वेगळी माहिती नसली, तर प्रणाली मागचा तुकडा सोडून नुसत्या 'एमआर'कडे वळते.

कोकणीला दोन अक्षरी कोडच नाही, तीन अक्षरी 'केओके' आहे. शिवाय गोव्यात ती देवनागरीतही लिहितात आणि रोमीतही. म्हणून तिथे भाषा आणि देश यांच्या मध्ये लिपीचा चार अक्षरी तुकडा घालावा लागतो.