एपिस्कोपल पॅरिशमधली उपासना-सेवा

एपिस्कोपल चर्च म्हणजे अमेरिकेतलं अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेचं चर्च, देश इंग्लंडपासून वेगळा झाल्यावर १७८९ साली त्याची घडी बसली. तिथल्या कुठल्याही पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत, रविवारची उपासना पाळक चालवतात हे खरं, पण ती उभी राहते ती एक पैसा न घेता राबणाऱ्या मंडळींमुळे. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (१९७० मध्ये नागपुरात स्थापन झाली) पण अँग्लिकन कम्युनियनमध्येच, म्हणजे या परंपरेच्या जगभरच्या चर्चांच्या कुटुंबातच आहे, त्यामुळे कुलाब्याच्या अफगाण चर्चसारख्या ठिकाणी जाणाऱ्याला यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल.

या लोकांना नुसते मदतनीस म्हणणं मला पटत नाही. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात चर्चचे सेवक कोण असा प्रश्न आहे आणि उत्तरात पहिलं नाव सामान्य सभासदांचं येतं, मग दीक्षा घेतलेले बिशप, प्रीस्ट आणि डीकन.

कामं बरीच असतात. दारात स्वागत करणारे अशर, क्रूस आणि मेणबत्त्या घेऊन चालणारे अ‍ॅकोलाइट (यात शाळकरी मुलं-मुली खूप), गायकवृंद, सर्वांसाठी प्रार्थना चालवणारे. लेक्टर शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) आधीचे बायबलचे पाठ वाचतो, शुभवर्तमान मात्र डीकन किंवा प्रीस्टच वाचतात. पाठ तीन वर्षांच्या चक्रातून ठरलेले असतात म्हणून आधीच घरी मोठ्याने वाचून बघता येतं, आणि बघावंच, जुन्या करारातली राजांची आणि गावांची नावं ऐनवेळी जिभेवर बसत नाहीत. प्रभुभोजनात (आशीर्वादित भाकर आणि द्राक्षारस वाटायच्या विधीत) द्राक्षारसाचा पेला देणाऱ्याला युकॅरिस्टिक मिनिस्टर म्हणतात, त्याला बिशपचा परवाना लागतो. प्रत्येकाने प्यायल्यावर पेल्याची कड कापडाने पुसायची, पेला थोडा फिरवायचा, मग पुढच्याला द्यायचा. आजारी माणसाच्या घरी प्रभुभोजन घेऊन जाणाऱ्यांचा परवाना वेगळा असतो.

पण सगळ्यात कमी दिसणारं काम ऑल्टर गिल्डचं. लोक यायच्या आधी येऊन वेदी मांडायची आणि सगळे गेल्यावर आवरायची. पेला पुसायच्या कापडाला प्युरिफिकेटर म्हणतात, त्यावर द्राक्षारसाचे आणि लिपस्टिकचे डाग पडतात, तरी ते थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकत नाहीत, आधी पाण्यात खळबळवून ते पहिलं पाणी जमिनीत ओततात. बऱ्याच जुन्या चर्चांत त्यासाठी पिसीना नावाचं वेगळं बेसिन असतं, त्याचा पाइप गटाराला न जोडता सरळ मातीत जातो, कारण आशीर्वादित द्राक्षारसाचा थेंबही सांडपाण्यात जाऊ नये. भाकरीखाली अंथरायचं कॉर्पोरल इस्त्री करून आतल्या बाजूला तीन-तीन घड्यांनी दुमडतात, उलगडलं की नऊ चौकोन दिसतात, आणि पडलेला चुरा आतच राहतो. एवढ्या बारकाईने कापड दुमडणाऱ्या हातांची भक्ती मला कुठल्याही प्रवचनाइतकी मोठी वाटते.

वेदीच्या कापडाचे रंगही हंगामाप्रमाणे बदलायचे, ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, ख्रिसमस आणि ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला) लाल, आणि त्यानंतर कितीतरी महिने हिरवा. (ख्रिसमसआधीच्या आगमनकाळात काही पॅरिश जांभळ्याऐवजी निळा वापरतात.)

सुरुवात करायची तर पाळकांना किंवा त्या गटाचं बघणाऱ्याला सांगायचं, मग काही रविवार जुन्या माणसाबरोबर उभं राहून शिकायचं आणि पाळीच्या यादीत नाव लागतं. मुलांबरोबर काम असेल तर त्यांच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंग आधी पूर्ण करावं लागतं.

कस सगळ्यात जास्त लागतो तो ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात. गुरुवारी रात्री उपासना संपताना बऱ्याच ठिकाणी दिवे मंद करतात आणि गिल्डची माणसं गुपचूप पुढे येऊन वेदीवरची कापडं, मेणबत्त्या, भांडी एकेक करून घेऊन जातात, बाकीचे नुसते बघत बसतात. शुक्रवारी वेदी तशीच उघडी. शनिवारी दिवसभर पितळ घासणं, फुलं लावणं, पांढरी कापडं चढवणं, कारण रात्री अंधारात नवा अग्नी पेटवून ईस्टरची मोठी मेणबत्ती आत आणली जाते.