भौगोलिक माहिती प्रणालीचे महाविद्यालयीन शिक्षण : ग्रामीण विदर्भ

जमिनीवरच्या गोष्टींची नोंद त्यांच्या नेमक्या ठिकाणासह संगणकात ठेवायची, अशा अनेक नोंदींचे थर एकमेकांवर टाकून तपासायचे आणि निघालेले उत्तर नकाशात मांडायचे, ही भौगोलिक माहिती प्रणाली. विद्यार्थी आणि प्राध्यापक तिला सरसकट जीआयएस म्हणतात. विहीर कुठे आहे, ती किती खोल आहे, तिचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, हे सगळे या प्रणालीत एकाच नोंदीत बांधलेले असते. कॅनडात १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी देशाच्या जमिनीची पाहणी संगणकावर आणली, तिथून या विषयाची सुरुवात मानतात. विदर्भातील ११ जिल्ह्यांच्या ग्रामीण महाविद्यालयांत तो मुख्यतः भूगोल विभागात शिकवला जातो. कृषी आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचीही त्याच्याशी गाठ पडते. ही महाविद्यालये अमरावती, नागपूर आणि गडचिरोली येथील विद्यापीठांना जोडलेली आहेत. त्यांतले गोंडवाना विद्यापीठ सर्वांत नवे, २०११ चे.

अभ्यासाचा क्रम

सुरुवात कागदापासून होते. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट, म्हणजे स्थलदर्शक नकाशा, टेबलावर पसरायची, दर २० मीटर उंचीला काढलेल्या समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) वाचायच्या, उतार काढायचा, नाला कुठून कुठे वाहतो ते सांगायचे. साखळी, प्रिझमॅटिक कंपास आणि समतल फलक घेऊन मैदानात सर्वेक्षण करायचे. पुढे सुदूर संवेदन (उपग्रहाने दुरून टिपलेल्या चित्रांवरून जमीन वाचणे), जीपीएस आणि मग प्रत्यक्ष जीआयएस येते : स्कॅन केलेल्या नकाशाला अक्षांश-रेखांश बसवणे, रस्ते-नाले-शेते गिरवून डिजिटल करणे, तक्ते जोडणे, बफर (एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा) आणि ओव्हरले (थरावर थर टाकून तुलना) काढणे, शेवटी सूची, प्रमाणपट्टी आणि उत्तर दिशा दाखवून नकाशा छापणे. कागदावरचा हा पहिला टप्पा काही ठिकाणी घाईने उरकला जातो. ज्याला समोच्च रेषा वाचता येत नाहीत त्याला संगणकाने काढलेले पाणलोट क्षेत्र बरोबर आहे की चूक हे कधीच कळत नाही, त्यामुळे ही घाई महागात पडते.

सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी क्यूजीआयएस असते. आर्कजीआयएसचा परवाना लहान महाविद्यालयाच्या बजेटात बसत नाही. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेले क्यूजीआयएस मोफत आहे आणि विद्यार्थ्याला ते स्वतःच्या लॅपटॉपवर घरी नेता येते. एका संगणकावर दोघे-तिघे बसून प्रॅक्टिकल करतात अशा ठिकाणी या मोफतपणाचे मोल फार मोठे आहे.

७८ अंश रेखावृत्त

विदर्भाच्या विद्यार्थ्यासमोर एक अडचण येते, ती पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या जिल्ह्यात येत नाही. गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणून मीटरमध्ये मोजता यावी म्हणून यूटीएम पद्धतीत जगाचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे केले आहेत. ४३ वा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व, ४४ वा ७८ ते ८४. यांची शीव अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतून, मोर्शीच्या जवळून जाते. अमरावती, अकोला, दारव्हा, पुसद ४३ मध्ये. यवतमाळ शहर, वरुड, वर्धा, नागपूर ४४ मध्ये. यवतमाळहून दारव्ह्याला जाणारी एसटी वाटेत पट्टा बदलते.

प्रॅक्टिकलमध्ये हे असे दिसते. विद्यार्थी अचलपूर तालुक्याचा लेअर उघडतो आणि नागपूरच्या मित्राच्या फायलीत पाहिलेला ४४ क्रमांक त्याला देऊन मोकळा होतो. तालुका सहाशे किलोमीटरहून अधिक पूर्वेला सरकून पश्चिम ओडिशात जाऊन बसतो. चूक एवढी मोठी असली की लगेच पकडता येते. प्रोजेक्शनच न देता अंशांमध्येच क्षेत्रफळ काढले, की एक हेक्टरचे वावर ०.०००००१ पेक्षाही लहान आकडा दाखवते, तेही डोळ्यात भरते. जुन्या टोपोशीटच्या बाबतीत मात्र चूक लपून राहते. त्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रारूपावर काढलेल्या, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या प्रारूपावर चालते. दोन्ही एकच समजून नकाशा बसवला तर मध्य भारतात तो शंभर मीटरहून अधिक सरकतो. तेवढ्या अंतरात विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाते आणि नाला धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे.

या धड्याला विदर्भात खोल इतिहास आहे, आणि तो वर्गात सांगितलाच पाहिजे असे या नोंदीच्या लेखकाला वाटते. भारताची महात्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यामागे जॉर्ज एव्हरेस्टने काम हाती घेतले आणि मोजणीचा मोठा कंस साधारण याच ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपासने, वऱ्हाडातून उत्तरेकडे नेला. जुन्या टोपोशीटच्या गोलाभाला नाव आहे ते याच एव्हरेस्टचे. वर्धा जिल्ह्यातल्या महाविद्यालयाला शैक्षणिक सहलीसाठी हिंगणघाट एका दिवसाचे काम आहे.

गुंठा आणि पिक्सेल

युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात. त्यांच्या मुख्य प्रकाशपट्ट्यांचा एक पिक्सेल १० गुणिले १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर जमीन दाखवतो. गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३ फूट, १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. म्हणजे एक पिक्सेल जवळपास एक गुंठा, आणि एक एकर चाळीसेक पिक्सेल. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा पिक्सेल साधारण नऊ गुंठ्यांचा. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला ‘अवकाशीय विभेदन’ ही संज्ञा पाठ करूनही उमगत नाही, पण आपले दीड एकर वावर चित्रात साठ ठिपक्यांचे आहे हे कळले की विषय तिच्या हातात येतो. कडेचे ठिपके अर्धे आपले, अर्धे धुऱ्यावरच्या बाभळीचे, हेही तिला न सांगता समजते.

पीक ओळखण्याच्या प्रॅक्टिकलमध्ये याचा खरा कस लागतो. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि निकट अवरक्त प्रकाश जोरात परतवते. या दोहोंतल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा निर्देशांक मिळतो. आकडा काढणे सोपे आहे, त्याचा अर्थ लावायला शेती माहीत हवी. जून-जुलैत पेरलेले सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघून जाते आणि मागे काळी उघडी जमीन किंवा नुकता उगवलेला हरभरा उरतो. कपाशी तेव्हा वेचणीला असते, तूर तर त्याही पुढे उभी राहते. म्हणून नोव्हेंबरच्या चित्रात जे हिरवे आहे ते सोयाबीन नव्हे, हे शेतात वाढलेला विद्यार्थी संगणकाच्या आधी सांगतो. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ असेल तर एकाच पिक्सेलमध्ये दोन पिके येतात आणि वर्गीकरण गोंधळते. खरिपात ढगांमुळे चांगले चित्र मिळणेही मुश्कील. तिथे ढगातून पाहणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमा कामी येतात, पण त्या वाचायला शिकवणारे शिक्षक कमी.

उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला नकाशा शेतात जाऊन तपासणे, म्हणजे जमिनीवरील पडताळणी, हा या शिक्षणाचा गाभा धरायला हवा. शहरातल्या संस्थांना त्यासाठी गाड्या आणि भत्ते लागतात. दर्यापूरच्या किंवा अर्जुनी मोरगावच्या विद्यार्थ्याला ती कॉलेजातून घरी जाताना करता येते.

नावे, मौजे आणि फायली

नकाशाला तक्ता जोडताना गावांच्या नावांनी भरपूर त्रास होतो. एका जिल्ह्यात अनेक पिंपळगाव असतात, पुढे खुर्द आणि बुद्रुक वेगळे. रिठी, म्हणजे ओस पडलेले, मौजे तर नकाशावर हद्दीसह असतात आणि २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यात त्यांची लोकसंख्या शून्य असते. विद्यार्थी ती चूक समजून पुसून टाकतात. गाव उठून गेले तरी महसुली मौजा कायम राहतो, हे पटवारी किंवा घरातले वडीलधारे लगेच सांगतात. जोडणी नावाऐवजी गावाच्या सांकेतिक क्रमांकाने करावी, हा नियम इथे अनुभवाने शिकला जातो.

मराठीची वेगळी अडचण आहे. शेपफाइल या जीआयएसच्या जुन्या फाइल-स्वरूपात रकान्याच्या नावाला फक्त दहा बाइट मिळतात आणि देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे ‘लोकसंख्या’ पूर्ण मावत नाही. यूटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धती न निवडता फाइल उघडली तर गावांच्या नावांच्या जागी निरर्थक खुणा दिसतात. जिओपॅकेज या स्वरूपात हे दोन्ही प्रश्न सुटतात. तरीही सवयीने शेपफाइलच शिकवली जाते. ही सवय मोडायला हवी, कारण गावाचा नकाशा गावाच्या लिपीत असेल तरच तो ग्रामसभेत वाचला जातो.

प्रकल्पांचे विषय

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विदर्भाइतके विषय क्वचितच कुठे एकत्र मिळतील. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या भागात, विहिरींच्या पाण्याचे नमुने घेऊन क्षारतेचा नकाशा काढता येतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, जुन्या टोपोशीटवर आणि आजच्या चित्रावर ताडून पाहिले की कोणता तलाव गाळाने किंवा अतिक्रमणाने आकसला ते दिसते. बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेले. उंचीचे प्रारूप शिकवायला याहून स्पष्ट आकार मिळणार नाही.

नागपूर विभागातील झुडपी जंगल हा सर्वांत शिकवणारा विषय आहे. महसुली कागदावर झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनीवर उपग्रहाच्या चित्रात कुठे गवत, कुठे झुडपे, कुठे घरे आणि शाळाही दिसतात. या जमिनींना वनजमीन मानण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. जमिनीवर काय आहे आणि कायद्याने ती काय आहे, हे दोन वेगळे थर आहेत, हे या उदाहरणाइतके ठळक दुसरीकडे दिसत नाही.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, आणि त्यानंतर या भागातील अनेक ग्रामसभांना आपल्या वनाची हद्द मांडण्याची गरज पडली. हातात जीपीएस घेऊन गावकऱ्यांसोबत हद्दीवरून चालणे आणि त्या बिंदूंचा नकाशा करून देणे विद्यार्थ्याला जमते. गोंड आणि माडिया घरांतील विद्यार्थ्यांना डोंगर, नाले आणि देवस्थानांची स्थानिक नावे ठाऊक असतात, आणि ती टोपोशीटवर बहुतेक नसतात.

संस्था आणि काम

नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, इस्रोचे मध्य विभागीय सुदूर संवेदन केंद्र आहे आणि १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आहे. देशात अशी सोबत थोड्याच शहरांना लाभली आहे. सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला मात्र तिथे जाऊन त्याच दिवशी परत येणे जमत नाही. त्याच्यासाठी डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आणि इस्रोचे भुवन संकेतस्थळ हेच मोठे आधार. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे व भूस्थानिक माहितीवरील बरेच निर्बंध उठवल्यापासून माहिती मिळवणे सोपे झाले आहे.

काम मिळते ते बहुधा कंत्राटी : पाणलोट प्रकल्प, गावठाणांचे ड्रोन सर्वेक्षण, पोकरासारख्या सरकारी कृषी योजनेतील नकाशे, खासगी कंपन्यांसाठी दिवसभर रस्ते आणि इमारती गिरवणे. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि शेताचा फोटो ठिकाणासह भरण्याची पद्धत घरोघरी पोहोचली, पण त्या माहितीचे विश्लेषण करणारी पदे तालुका पातळीवर निर्माण झालेली नाहीत. पदवी घेतलेले बरेच जण त्यामुळे नागपूर, पुणे किंवा हैदराबादला जातात. तालुक्याच्या कृषी कार्यालयात, भूमी अभिलेखात आणि वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात या मुलांना कायम जागा मिळाली पाहिजे. ज्या शिवाराचे नकाशे तिथे लागतात ते त्यांनी पायी पाहिलेले आहे.